अल्पवयीनांची पालकत्वातून मुक्तता (भारत)

अल्पवयीनांची पालकत्वातून मुक्तता म्हणजे सज्ञान होण्याच्या वयापूर्वीच एखाद्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या कायदेशीर अधिकारातून बाहेर काढून प्रौढ व्यक्तीचे सर्व किंवा काही हक्क देणारी व्यवस्था होय. अमेरिकेतील अनेक राज्यांत किशोरवयीन मुले आपण स्वतःच्या कमाईवर जगतो हे न्यायालयात सिद्ध करून असा आदेश मिळवू शकतात. भारतात अशी कार्यवाही अस्तित्वात नाही. येथे मुलाची कमाई कितीही असली, तरी वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तो कायद्याच्या दृष्टीने अज्ञानच राहतो. मात्र बँकिंग, आयकर, कामगार आणि दंडविषयक कायद्यांत किशोरवयीनांचे स्वावलंबन तुकड्यातुकड्यांनी मान्य केलेले आढळते. या तुकड्यांची एकमेकांशी नेहमीच सांगड बसते असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी सोळा-सतरा वर्षांची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून किंवा कामासाठी येऊ पाहतात, तेव्हा ही विसंगती विशेष जाणवते.

संज्ञा

मराठी कायदेविषयक लेखनात अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ व त्यावरील व्यक्तीस ‘सज्ञान’ म्हणतात. येथे अज्ञान या शब्दाचा बुद्धीशी वा शिक्षणाशी संबंध नाही. तो केवळ वयाचा निदर्शक आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ही संज्ञा सर्वांत परिचित आहे ती सातबारा उताऱ्यामुळे. वारसाहक्काने जमीन मिळालेल्या लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो. ‘अज्ञान पालककर्ता’ या शब्दांचे ते लघुरूप असून त्यापुढे आई, आजोबा किंवा अन्य पालकाचे नाव लिहिलेले असते. दैनंदिन व्यवहारात ‘अल्पवयीन’ हा शब्द अधिक रूढ आहे. चौदा ते अठरा वर्षे वयाच्या कामकरी मुलांसाठी कामगार कायद्यात ‘किशोरवयीन’ हा स्वतंत्र शब्द वापरला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुक्ततेची कल्पना रोमन कायद्यातून आली. रोमन कुटुंबप्रमुखाची सत्ता मुलाच्या वयावर अवलंबून नसे. बाप जिवंत असेपर्यंत चाळिशीतला मुलगाही त्याच्या सत्तेखाली राही आणि त्याची कमाई तत्त्वतः बापाची ठरे. द्वादश फलकांच्या कायद्यात बापाने मुलाला तीनदा विकल्यास मुलगा त्याच्या सत्तेतून सुटतो, असा नियम होता. दुष्ट बापाला आळा घालण्यासाठी केलेल्या या नियमाचा पुढे मुलाला हेतुपुरस्सर मुक्त करण्यासाठी उपयोग होऊ लागला. मित्राला तीन वेळा लुटुपुटीची विक्री करून हा विधी पुरा केला जाई. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात ही लांबलचक प्रक्रिया काढून टाकून अधिकाऱ्यासमोरील घोषणा पुरेशी ठरवली. मूळ रोमन मुक्ततेत पुढाकार बापाचा असे. मुलाने अर्ज करण्याची कल्पना पुष्कळ अलीकडची आहे.

धर्मशास्त्रात सोळावे वर्ष ही बाल्याची मर्यादा मानली जात असे. नारदस्मृतीने सोळा वर्षांनंतर व्यक्ती व्यवहार करण्यास पात्र होते असे म्हटले असले, तरी आईवडील हयात असताना मुलगा स्वतंत्र नसतो, मग तो म्हातारा का होईना, अशी पुस्तीही जोडली आहे. म्हणजे व्यवहाराची पात्रता आणि पालकांपासूनचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण तेव्हाही होती. मिताक्षरा परंपरेत मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो. त्यामुळे रोमन पद्धतीची संपूर्ण पितृसत्ता येथे मालमत्तेच्या बाबतीत कधीच नव्हती.

ब्रिटिश काळात निरनिराळ्या धर्मांच्या व प्रांतांच्या नियमांऐवजी भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ लागू झाला. त्याने सर्वसाधारण वय अठरा ठरवले. न्यायालयाने पालक नेमलेल्या किंवा पालकीय न्यायाधिकरणाच्या देखरेखीखालील मुलांसाठी मात्र ते एकवीस ठेवले. हा भेद १९९९ मधील दुरुस्तीने रद्द झाला. विवाह, मेहेर, घटस्फोट व दत्तक या विषयांना हा अधिनियम लागू होत नाही.

संस्थानांत वेगळी रीत होती. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांच्या अज्ञानपणी कारभार इतरांच्या हाती होता. राज्याचे अधिकार त्यांना २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ब्रिटिश सरकारच्या संमतीने मिळाले. राजाचे अज्ञानपण कधी संपले हे ठरवणे सार्वभौम सत्तेच्या हाती होते.

अन्य देशांतील तरतुदी

आर्थिक स्वावलंबनाची कसोटी सर्वांत स्पष्टपणे कॅलिफोर्नियाच्या कुटुंब संहितेत आढळते. अर्जदाराचे वय किमान चौदा असावे, तो आईवडिलांच्या संमतीने किंवा मूकसंमतीने स्वेच्छेने वेगळा राहत असावा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळत असावा आणि त्याचे उत्पन्न गुन्हेगारी मार्गाचे नसावे, अशा त्या अटी आहेत. मुक्तता त्याच्या हिताविरुद्ध नाही याचीही न्यायालय खात्री करते. आदेश मिळाल्यावर तो करार करू शकतो, दावा लावू शकतो, वैद्यकीय उपचारांना स्वतः संमती देऊ शकतो. आणि आईवडिलांची त्याला पोसण्याची जबाबदारी संपते. मतदान, मद्यपान व सक्तीचे शिक्षण यांबाबतचे वयाचे नियम मात्र कायम राहतात. या व्यवस्थेची चर्चा बहुधा बालकलाकारांच्या संदर्भात होते. अभिनेत्री ड्रू बॅरिमोर हिला किशोरवयातच असा आदेश मिळाला होता.

फ्रान्समध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला न्यायाधीश मुक्त करू शकतो. मात्र अर्ज आईवडिलांनी किंवा त्यांच्यापैकी एकाने करावयाचा असतो आणि कमाईची अट नसते. विवाहानेही तेथे अल्पवयीनाची मुक्तता होते. स्कॉटलंडमध्ये १९९१ च्या अधिनियमाने सोळाव्या वर्षीच बहुतेक व्यवहारांची पात्रता दिल्यामुळे वेगळ्या आदेशाची गरजच उरलेली नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयीन मुक्ततेची प्रथा रुजली नाही आणि भारतीय कायद्याची घडण त्याच परंपरेत झाली.

भारतीय कायद्यातील स्थिती

पालकत्व

हिंदूंच्या बाबतीत हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ आणि सर्वांसाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० हे दोन प्रमुख कायदे आहेत. १८९० च्या अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये पालकाचे अधिकार केव्हा संपतात याची यादी दिली आहे. पालकाचा मृत्यू, त्याला दूर करणे वा कार्यमुक्त करणे, पाल्य सज्ञान होणे, आणि मुलीच्या बाबतीत तिचा विवाह, अशी ती कारणे आहेत. पाल्य स्वतःच्या पायावर उभा राहिला हे कारण त्यात नाही. कलम १७ नुसार पालक नेमताना, समजण्याइतके वय असलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. १९५६ च्या अधिनियमाचे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते. थोडक्यात, मुलगा पालक बदलून मागू शकतो; पालकच नको असे म्हणू शकत नाही.

याच १८९० च्या अधिनियमातील कलम २१ वाचकाला चकित करते. अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही, परंतु स्वतःच्या अज्ञान पत्नीची वा अपत्याची होऊ शकते. स्वतः पालकाधीन असलेल्या व्यक्तीला पालक मानणारी ही तरतूद बालविवाह सर्रास होत त्या काळाची खूण आहे.

करार

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करण्यास सज्ञान असणे आवश्यक आहे. मोहरीबीबी वि. धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरतो असा निर्णय दिला. हा नियम अज्ञानाच्या संरक्षणासाठी असला, तरी तो कमावत्या मुलाच्या विरोधातही जाऊ शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयातील राज राणी वि. प्रेम अदीब (१९४९) या खटल्यात दिसून आले. अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी तिच्या भूमिकेविषयी करार केला होता. निर्मात्याने ती भूमिका दुसरीला दिल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावण्यात आला. करार मुलीशी झाला असे मानले, तर ती अज्ञान असल्याने तो शून्य. वडिलांशी झाला असे मानले, तर अज्ञान मुलीने काम करण्याचे वचन हा वैध मोबदलाच नव्हे, म्हणून तोही टिकत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. काम करण्याची क्षमता असलेली मुलगी आणि तिच्या वतीने उभा असलेला बाप, दोघांच्याही हाती काही उरले नाही.

काही अपवाद आहेत. अज्ञानाला जीवनावश्यक गोष्टी पुरवणाऱ्यास त्याच्या मालमत्तेतून भरपाई मिळू शकते. व्यक्तिशः तो जबाबदार ठरत नाही. भागीदारी संस्थेत त्याला सर्व भागीदारांच्या संमतीने फक्त लाभापुरते घेता येते. धनादेश किंवा हुंडी तो काढू शकतो, पण तिने तो स्वतः सोडून बाकी सारे बांधले जातात. व्यवहारात याचा अर्थ असा की, खोली भाड्याने देणारा, हप्त्याने दुचाकी विकणारा किंवा कर्ज देणारा सावध माणूस सतरा वर्षांच्या मुलाशी थेट व्यवहार करत नाही. सही वडिलांची लागते.

कमाई, बँक आणि कर

स्वतःच्या श्रमाने मिळवलेल्या पैशावर अज्ञानाची मालकी असू शकते. ती आपोआप वडिलांची होत नाही. मात्र ती सांभाळण्याचा अधिकार नैसर्गिक पालकाकडे असतो आणि व्यवहारात मालकी व सांभाळ यांतील रेषा पुसट असते. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली असून २०२५ मध्ये याबाबतच्या सूचना नव्याने काढल्या. रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेने आपापल्या जोखीम धोरणानुसार ठरवावयाची असते.

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६४ (१अ) ने अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आई किंवा वडील यांच्यापैकी अधिक उत्पन्न असलेल्याच्या उत्पन्नात मिळवले. परंतु मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःचे कौशल्य, प्रतिभा वा विशेष ज्ञान वापरून मिळवलेले उत्पन्न त्यातून वगळले. म्हणजे यंत्रावर काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा करदाता म्हणून स्वतंत्र. वडिलांनी त्याच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज मात्र वडिलांचे. श्रमाची कमाई आणि मिळालेली संपत्ती यांत असा फरक भारतीय कायद्यात अन्यत्र क्वचितच आढळतो.

निर्वाह

आर्थिक स्वावलंबनाचा प्रश्न भारतीय न्यायालयासमोर प्रत्यक्ष येतो तो निर्वाहाच्या अर्जात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आणि त्याची जागा घेणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ यांनुसार, स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या अज्ञान अपत्यासाठी आईवडिलांपैकी ऐपतदाराकडून निर्वाहखर्च मागता येतो. ‘असमर्थ’ हा शब्द येथे निर्णायक आहे. मूल कमावते असेल, तर विरोधी पक्ष ती कमाई पुढे करू शकतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० मध्ये अज्ञान अपत्यासाठी अशी अट नाही. तेथे अज्ञान असणे पुरेसे आहे. या तफावतीचा परिणाम लक्षणीय आहे. कॅलिफोर्नियात कमाई सिद्ध करणारे मूल निर्वाहाचा हक्क गमावते, पण त्याबदल्यात स्वातंत्र्य मिळवते. भारतात कलम १४४ खाली तेच मूल हक्क गमावू शकते आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही. ते पूर्वीइतकेच अज्ञान राहते.

एकत्र कुटुंबातून विभक्त होणे

पाश्चात्त्य मुक्ततेशी सर्वांत जवळचे भारतीय साम्य हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीत सापडते. अज्ञान सहदायाद आपल्या वादमित्रामार्फत, प्रसंगी वडिलांविरुद्धही, वाटणीचा दावा लावू शकतो. प्रौढ सहदायादाने विभक्त होण्याचा इरादा जाहीर केला की तो विभक्त होतो. अज्ञानाच्या बाबतीत मात्र वाटणी त्याच्या हिताची आहे काय, हे न्यायालय तपासते. काकुमानु पेदसुभय्या वि. काकुमानु अक्कम्मा (१९५८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, न्यायालयाला वाटणी हितावह वाटल्यास विभक्तता दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरावी. उधळ्या बापाच्या हातून वडिलार्जित जमीन वाचवण्यासाठी आई किंवा मामा वादमित्र होऊन दावा लावतात, हे महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांना नवे नाही.

मुंबई इलाख्यात या हक्काला एक मर्यादा होती. अप्पाजी नरहर कुलकर्णी वि. रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा नियम घालून दिला की, बाप स्वतः आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असेल, तर त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येत नाही. हा नियम सज्ञान मुलांनाही लागू होता.

तथापि ही मुक्तता मालमत्तेपुरतीच असते. वाटणी झाली तरी अज्ञानाच्या शरीराचे पालकत्व आईवडिलांकडेच राहते, आणि ज्याच्या नावावर वडिलार्जित काहीच नाही, त्या मुलाला या मार्गाचा उपयोग नाही.

औद्योगिक वसाहत आणि किशोरवयीन कामगार

ज्यांच्याकडे फक्त श्रम आहेत, त्यांची स्थिती कामगार कायद्यांनी ठरते. कोल्हापूर जिल्ह्याचा उद्योग मुख्यतः ओतकाम, यंत्रभाग व वस्त्रोद्योग यांवर उभा आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव या जुन्या वसाहतींनंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कागल व हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीत पंचतारांकित वसाहत वसवली. पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळ आणि कर्नाटकच्या सीमेलगत असल्यामुळे दोन्ही राज्यांतील गावांशी तिचा संबंध येतो. या लेखातील बहुतेक अधिनियम केंद्रीय असल्याने सीमा ओलांडल्याने मुलाच्या कायदेशीर स्थितीत फरक पडत नाही.

बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना, कुटुंबाचा व्यवसाय व बालकलाकार हे अपवाद वगळता, सर्वत्र कामबंदी आहे. चौदा ते अठरा वयोगटाला खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम करता येत नाही. धोकादायक प्रक्रियांची व्याख्या कारखाने अधिनियम, १९४८ वरून घेतली असून त्याच्या पहिल्या अनुसूचीत लोखंडी व अलोह अशा दोन्ही प्रकारच्या ओतकामाचा समावेश आहे. म्हणजे कोल्हापूरची ओळख बनलेली फौंड्री सतरा वर्षांच्या मुलासाठी कायद्याने बंद आहे. वितळलेले लोखंड आणि वाळूची बारीक धूळ पाहता या बंदीबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

धोकादायक नसलेल्या आस्थापनांत काम करता येते, पण मोजके. याच अधिनियमानुसार सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांतीसह एकूण सहा तास, सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही आणि जादा कामही नाही, असे नियम आहेत. मुलाचे आरोग्य व शिक्षण जपणारे हे नियम त्याचे उत्पन्नही बांधून ठेवतात. प्रौढाच्या पाळीपेक्षा कमी तास भरणारा मुलगा स्वतःचे भाडे, खानावळ व प्रवास भागवून पूर्णतः स्वावलंबी होणे अवघड असते. त्यामुळे भारतात उद्या मुक्ततेची तरतूद झाली, तरी तिची आर्थिक कसोटी कायदेशीर मार्गाने पार करणारी मुले थोडीच निघतील.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात एक उल्लेखनीय तरतूद होती. पंधरा वर्षे पूर्ण झालेला किशोर प्रौढाप्रमाणे काम करण्यास सक्षम असल्याचे प्रमाणपत्र प्रमाणन शल्यचिकित्सकाने दिले, तर कामाचे तास व रजा यांबाबतच्या प्रकरणांपुरता तो प्रौढ समजला जाई. प्रमाणपत्रासाठी पालकाप्रमाणेच तो स्वतःही अर्ज करू शके. सोबत कारखान्याच्या व्यवस्थापकाचा कागद लागे. प्रमाणपत्राची मुदत बारा महिने असून शुल्क मुलाकडून किंवा आईवडिलांकडून घेण्यास मनाई होती. भारतीय कायद्याने वयापूर्वीच एखाद्याला प्रौढ मानण्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. पण कसोटी शरीराची होती, कमाईची नव्हे, आणि हे प्रौढत्व कारखान्याच्या फाटकापाशी संपत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू होऊन तिने या अधिनियमाची जागा घेतली.

संघटनेच्या बाबतीतही कायदा उदार होता. कामगार संघ अधिनियम, १९२६ ने पंधरा वर्षांच्या मुलाला नोंदणीकृत संघाचा सभासद होण्याचा आणि सभासद म्हणून लागणारे दस्तऐवज स्वतः करून देण्याचा हक्क दिला. पदाधिकारी होण्यास मात्र अठरा वर्षे आवश्यक ठेवली.

शिकाऊ उमेदवारी

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कायदेशीररीत्या येण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतलेला विद्यार्थी वेल्डरसारखा एक वर्षाचा अभ्यासक्रम सोळाव्या-सतराव्या वर्षी पूर्ण करतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवाराचे किमान वय चौदा असून धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी ते २०१४ च्या दुरुस्तीने अठरा केले आहे. कलम ४ प्रमाणे उमेदवार अज्ञान असल्यास मालकाशी करार त्याच्या पालकाने करावयाचा असतो. विद्यावेतन उमेदवाराला मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांनी त्याची किमान रक्कम शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवली. कलम १८ नुसार तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे.

घरातील छळामुळे बाहेर पडलेल्या मुलासाठी पालकाच्या सहीची ही अट मोठी अडचण ठरू शकते. ज्याच्यापासून तो दूर जाऊ पाहतो, त्याच्याच सहीवाचून त्याला दूर नेणारे प्रशिक्षण मिळत नाही. अशा वेळी न्यायालयाने नेमलेला पालक सही करू शकतो. पण त्यासाठी आधी पालक नेमून घ्यावा लागतो.

घर सोडून जाणे

अज्ञान मुलाने घर सोडणे हा त्याचा गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो त्याला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणाऱ्याचा किंवा फूस लावणाऱ्याचा. एस. वरदराजन वि. मद्रास राज्य (१९६५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा भेद केला. महाविद्यालयात शिकणारी, सज्ञान होण्याच्या बेतात आलेली मुलगी स्वतःहून घराबाहेर पडून आरोपीला भेटली होती. आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी ती मोठी होती आणि आरोपीने तिला बाहेर पडण्यास प्रवृत्त केले नव्हते. अशा स्थितीत केवळ तिच्या सोबत राहणे म्हणजे तिला ‘नेणे’ नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. अज्ञान व्यक्ती पालकाचे छत्र स्वेच्छेने सोडू शकते, याला मिळालेली ही मर्यादित मान्यता होय. तिच्यामुळे मुलीचा कायदेशीर दर्जा मात्र बदलला नाही.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा अशी वेगवेगळी वये होती. त्यामुळे सोळा वर्षांवरील मुलगा या कलमाच्या कक्षेबाहेर होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ ने दोघांसाठी अठरा हे एकच वय ठरवले. समानतेच्या दृष्टीने ही सुधारणा असली, तरी कामासाठी घर सोडणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आश्रय देणाऱ्यांनी तिची नोंद घेणे आवश्यक आहे.

विवाह

अनेक कायदेपद्धतींत विवाह हा मुक्ततेचा मार्ग आहे. भारतात तो मुक्ततेपेक्षा हस्तांतराचा मार्ग ठरला. १९५६ च्या अधिनियमाच्या कलम ६ नुसार विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती असतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीचे विवाहाचे किमान वय अठरा व मुलाचे एकवीस आहे. त्यापूर्वी झालेला विवाह अज्ञानपणी विवाहबद्ध झालेल्या पक्षाला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत रद्द करून घेता येतो. अज्ञान असतानाच अर्ज करावयाचा झाल्यास तो पालक किंवा वादमित्रामार्फत बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासह करावा लागतो.

उपलब्ध मार्ग

मुक्ततेची तरतूद नसल्यामुळे पालकांशी टोकाचा संघर्ष असलेल्या मुलांपुढे मुख्यतः दोन मार्ग उरतात. पहिला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चा. पालकांकडून छळ, शोषण वा दुर्लक्ष होत असलेले, तसेच कामगार कायद्यांचे उल्लंघन करून कामाला लावलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ समजले जाते. त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे आणता येते आणि मूल स्वतःही तिच्यापुढे जाऊ शकते. १०९८ या क्रमांकावर त्यासाठी मदत मिळते. समिती मुलाला योग्य व्यक्तीकडे, संगोपनकर्त्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवू शकते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अठरा ते एकवीस या वयात अनुरक्षणाची सोय आहे. विशेष म्हणजे कायद्याने येथे अठराव्या वर्षानंतरही आधार लागतो हे मान्य केले आहे. मुक्ततेच्या कल्पनेच्या नेमकी उलट अशी ही दिशा आहे.

दुसरा मार्ग पालक बदलण्याचा. पालक व पाल्य अधिनियमाखालील अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील जिल्हा न्यायालयात करावा लागतो. कौटुंबिक न्यायालय असेल तेथे शरीराच्या पालकत्वाचे अर्ज त्याच्याकडे जातात. कागल तालुक्यातील मुलासाठी हे न्यायालय कोल्हापुरात आहे. उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने तो प्रवास वाचला आहे.

मतमतांतरे

मुक्ततेची तरतूद भारतात असावी काय, याविषयी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केले जातात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद ५ मुलांच्या विकसित होत जाणाऱ्या क्षमतांचा आदर करण्यास सांगतो आणि अनुच्छेद १२ त्यांना आपले मत मांडण्याचा हक्क देतो. सतरा वर्षांच्या कमावत्या मुलाला सात वर्षांच्या मुलाच्याच रांगेत बसवणे या तत्त्वाशी विसंगत आहे, असे समर्थक म्हणतात. विरोधकांचा आक्षेप व्यवहाराचा आहे. कमाई ही मुक्ततेची किल्ली ठरली, तर शाळा सोडून कमावणे हे कायद्याने पुरस्कृत होईल आणि गरीब घरांतील जबाबदारी टाळू पाहणारे आईवडील मुलाच्या ‘स्वावलंबना’चा आधार घेतील. मुलींच्या बाबतीत मुक्ततेचा आदेश बालविवाहावर पांघरूण घालण्यासाठी वापरला जाण्याची भीतीही व्यक्त होते. या आक्षेपांत तथ्य आहे. मात्र ते पूर्ण मुक्ततेला लागू पडतात. शिकाऊ उमेदवारीच्या करारावर पालकाऐवजी बाल कल्याण समितीची सही चालावी, यासारख्या मर्यादित उपायांना ते लागू पडत नाहीत.

सज्ञान झाल्यावर

सज्ञानता अधिनियमानुसार वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाचा प्रारंभ होताच व्यक्ती सज्ञान होते. त्यासाठी कोणताही अर्ज लागत नाही. चालू दाव्यात वादी असलेल्याने तो स्वतःच्या नावाने पुढे चालवायचा की सोडून द्यायचा, हे त्याने ठरवायचे असते. पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याची स्थावर मिळकत विकली असल्यास ती विक्री रद्द करण्यासाठी मुदत अधिनियमानुसार सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. अज्ञानपणी केलेला स्वतःचा करार मात्र सज्ञान झाल्यावर नुसती संमती देऊन जिवंत करता येत नाही; तो नव्याने करावा लागतो. सातबाऱ्यावरील अ.पा.क. शेरा आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाल्यावर पालकाचे नाव कमी होऊन खातेदाराचे नाव एकटे राहते.